‘कूळ लागेल हो!’

संध्याकाळी सात-साडेसातला मारुती मंदिरावरून नाचण्याच्या रस्त्याने चालत निघा आणि जाताना जरा मान वर करून बघा. इमारत चार मजली, फ्लॅट सोळा, आणि दिवे लागलेत पाच नाहीतर सहा घरांत. बाकीच्या खिडक्या काळ्याकुट्ट. गणपतीत किंवा मे महिन्यात आलात तर सगळ्या उजळलेल्या दिसतील, बाल्कनीत टॉवेल वाळत असतील, पोरांचा दंगा ऐकू येईल. उरलेलं वर्षभर मालक मुंबईत, पुण्यात, ठाण्यात, एखादा न्यू जर्सीत. चावी शेजाऱ्यांकडे.

आणि त्याच रस्त्यावर कुणीतरी खोली शोधत हिंडत असतं. बदली होऊन आलेला बँकवाला, सिव्हिल हॉस्पिटलमधली नर्स, फिनोलेक्स अकॅडमीत चौघे मिळून राहू म्हणणारी मुलं. २०२३ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हापासून तर मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले आईबाप मुलीसाठी जागा शोधताना दिसतात. घर आहे, माणूस आहे, भाडं द्यायची तयारी आहे. तरी जमत नाही. कारण मधे एक वाक्य आडवं येतं.

"नको हो, कूळ लागेल!"

मंडळी, घर भाड्याने देताना काय काय चुका होतात यावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून नेहमी काहीतरी येत असतं. करार करा, फोटो काढा, डिपॉझिट घ्या. सगळं बरोबर आहे. पण आमच्याकडच्या चुका तिथून सुरू होत नाहीत, त्या या वाक्यापासून सुरू होतात. माझं मत विचाराल तर रत्नागिरीतल्या घरमालकाने केलेल्या बहुतेक सगळ्या घोळांच्या मुळाशी हीच भीती सापडते. गंमत अशी की ज्या गोष्टीला तो भितो, तिला तो या भीतीपायीच घरात घेतो.

आता ही भीती आली कुठून? ती काही वेड्यासारखी नाही. कोकणात जमीन खोतांची आणि कसणारी कुळं. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती बंद करायचं विधेयक मांडलं, ती प्रत्यक्ष गेली १९४९च्या कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षी, १९४८ साली, कुळकायदा आला, आणि पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं गेलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला त्यांना जमीन मिळाली हे योग्यच झालं असं मी मानतो. (आमच्या घरातल्या काही ज्येष्ठांना हे वाक्य आवडणार नाही. सॉरी आबा.) पण ज्यांची गेली त्यांच्या घरात एक धडा कायमचा बसला: दुसऱ्याला आपल्या जागेत पाऊल टाकू दिलं की जागा जाते.

कुळकायदा शेतजमिनीचा. सिमेंटच्या स्लॅबखालच्या वन बीएचकेला त्याचा काडीचाही संबंध नाही. आंब्याची बाग कराराने देताना विचार करावा लागतो, तो वेगळा विषय. पण धडा काही कायद्याची कलमं बघून बसत नाही. तो शेतातून वाडीत आला, वाडीतून घरात, आणि तिथून नातवाच्या फ्लॅटमध्ये.

त्यात भर पडली मुंबईची. आमच्यासारख्या कितीतरी घरांतली एक शाखा गिरगावात नाहीतर लालबागला चाळीत. म्हणजे रत्नागिरीत घरमालक आणि गिरगावात भाडेकरू! १९४७चा मुंबईचा भाडेकायदा असा होता की भाडं १ सप्टेंबर १९४० या दिवशी जेवढं असेल तेवढ्यावर गोठलं. सोनं वाढलं, तांदूळ वाढला, एसटीचं तिकीट वाढलं, चाळीचं भाडं तिथेच. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, मग जिने पडायला लागले, मग सरकारला १९६९ साली दुरुस्तीसाठी वेगळं मंडळच काढावं लागलं. आमचे गिरगावातले काका दरमहा एका नाटकाच्या तिकिटापेक्षा कमी भाडं भरत आणि तेच काका रत्नागिरीला आले की सांगत, "घर कुणाला देऊ नका रे, भाडेकरू म्हणजे काय चीज असते ते मला विचारा!" स्वतःकडे बोट दाखवून सांगत होते म्हणा ना. :-)

बरं, लीव्ह अँड लायसन्सचा कागद करून दिला तरी धोका नाही का? आजोबांच्या पिढीला विचारलंत तर ते म्हणतील, आहे. आणि तेही खोटं नाही. १९७३ साली जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ या तारखेला जे जे लायसन्सवर राहत होते ते भाडेकरू मानले गेले. रात्री झोपताना पाहुणा होता, सकाळी उठून बघतो तर घरचा झालेला. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी पुढे मुलांना सांगितलं, कागदावरसुद्धा विश्वास ठेवू नका.

इथपर्यंत मी भीतीच्या बाजूने आहे. यापुढे नाही.

कारण त्यानंतर जग बदललं. १९९७च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग नवा कायदा आला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, आणि तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. म्हणजे पाव शतक उलटून गेलं. या कायद्यातली दोन कलमं प्रत्येक घरमालकाने फ्रिजवर चिकटवून ठेवावीत असं मला वाटतं.

एक, कलम २४. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. दिवाणी कोर्टात पिढ्या घालवायच्या नाहीत. मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरल्या भाड्याच्या दुप्पट. आणि लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा.

दुसरं, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर? अटी काय ठरल्या होत्या याबद्दल वाद झाला की राहणारा जे म्हणेल ते खरं धरायचं, मालकाला उलट सिद्ध करता आलं तरच ते खोटं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता या दोन कलमांच्या प्रकाशात आमच्याकडची नेहमीची पद्धत बघा. कूळ लागेल म्हणून मालक अनोळखी माणसाला घर देत नाही. ओळखीच्याला देतो. ओळखीचा आहे म्हणून कागद करत नाही. कागद केला तर "त्याच्या हातात पुरावा जातो" असंही वरून समजावतो. आणि असं करून कलम ५५प्रमाणे स्वतःची मान त्याच्या हातात देतो! तोंडी व्यवहारात तो म्हणाला की मला कायमचं भाड्याने दिलंय, भाडं दोन हजारच ठरलंय, तर तसं नाही हे तुम्ही सिद्ध करत बसा. ज्या कागदाने माणूस बाहेर काढता येतो तो कागदच नको म्हणायचा, याला काय म्हणावं?

आमच्या नात्यातल्याच एका घरी हे झालं. नावगाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. मित्राचा भाचा, "सहा महिन्यांपुरता राहील, घराला जाग राहील." भाडं हातात, कधी पाकिटात, कधी हापूसच्या पेटीच्या रूपात. सहा महिन्यांची नऊ वर्षं झाली. भाचा मनुष्य वाईट नव्हता, एवढं लक्षात घ्या. त्याची मुलं शाळेत जायला लागली, त्याने स्वतःच्या पैशाने संडास दुरुस्त केला, मोरीत लाद्या बसवल्या. मग घर विकायची वेळ आली आणि त्याला जा म्हणून सांगितल्यावर तो म्हणाला, "मी केलेल्या खर्चाचं काय?" त्याचंही खरंच होतं. नक्की काय ठरलं होतं हे दोघांनाही आठवत नव्हतं, किंवा दोघांना वेगवेगळं आठवत होतं. शेवटी पैसे देऊन सुटका करून घेतली, आणि दोन मित्रांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

यावर घरात निघालेला निष्कर्ष ऐका: "बघा, म्हणून म्हणतो कुणालाच देऊ नये." अहो!

अकरा महिन्यांची भानगडही अशीच. एक वर्षाच्या आत भाडेपट्टा असेल तर नोंदणी लागत नाही हे १९०८च्या नोंदणी कायद्यातलं, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून त्यात अर्थ उरला नाही. अकरा महिने असोत की तीन वर्षं, नोंदवायचाच. तरी अजून शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून "झालं अ‍ॅग्रीमेंट" म्हणणारे भेटतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

तसंच ते बारा वर्षांचं. "बारा वर्षं राहिला की घर त्याचं." हे तर रिक्षावालासुद्धा सांगतो. तुमच्या परवानगीने, तुम्हाला भाडं देऊन राहणारा माणूस किती का वर्षं राहीना, नुसत्या वर्षांच्या जोरावर मालक होत नाही. बारा वर्षांचा तो नियम मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे त्याच्याविरुद्ध ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. भाडं घेतल्याची नोंद असेल तर उलट तुमचाच पुरावा बळकट होतो. म्हणून पावती द्या (ती देणं कायद्याने बंधनकारकच आहे), भाडं बँकेत घ्या, आणि हापूसची पेटी आनंदाने खा, पण भाड्यात धरू नका.

खर्चाची रड सांगणाऱ्यांसाठी हिशेब. समजा भाडं आठ हजार, डिपॉझिट तीस हजार, मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार अधिक पावणेतीन हजार, त्याचे सव्वादोनशे रुपये फक्त. नोंदणी फी वेगळी, ती हजाराच्या वर जात नाही. आता हे ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो, माणूस मशीन घेऊन घरी येतो. मुंबईतल्या मालकाने मुंबईत अंगठा द्यायचा, रत्नागिरीतल्याने रत्नागिरीत. पोलीस ठाण्यातही माहिती द्यावी. तीही ऑनलाइन देता येते. भाडेकरूला गुन्हेगार समजून हे करायचं नाही, घरात कोण राहतं याची नोंद असावी म्हणून करायचं.

कागदावर एवढं बोललो, पण सगळ्या चुका कागदाच्या नसतात. आमच्याकडे एक खास कोकणी प्रकार आहे. कुलूपबंद खोली!

घर द्यायचं, पण सगळं नाही. एक खोली राखून ठेवायची. त्यात आजीचा पितळी हंडा, लग्नातले फोटो, मोडका पलंग, गणपतीची मखरं, आणि वाळवी. खोलीला कुलूप. भाडेकरूने घर घेतलंय तीन खोल्यांचं, पण चौथीतून उंदीर येतात. आणि मग भाद्रपदात मालकाचा फोन: "आम्ही सगळे येतोय, गणपती तिथेच बसतो ना आमचा. तुम्ही चार-पाच दिवस ॲडजस्ट करा."

ॲडजस्ट म्हणजे काय करायचं त्या बाईने? तिची नाईट ड्युटी, तिचं स्वयंपाकघर, तिचे कपडे दोरीवर. घरात पंधरा माणसं आणि आरत्या. मला गणपती तिथेच बसवायचा हट्ट पूर्ण समजतो, माझाही तोच आहे. पण मग ते आधी सांगा. करारात लिहा की अमुक खोली मालकाकडे राहील, अमुक दिवस मालक कुटुंबासह येईल, त्या महिन्याचं भाडं इतकं कमी. ज्याला चालेल तो घेईल. चालणारे मिळतात, ओटी-प्रसादाला हौसेने येणारेही मिळतात. आयत्या वेळी फोन करणं म्हणजे भाडं घेऊन पुन्हा पाहुणचार मागणं आहे. घर भाड्याने दिलं की त्या मुदतीपुरतं ते त्याचं घर, हे आमच्या लोकांच्या गळी उतरत नाही. बेल न वाजवता आत शिरणारे मालक मी पाहिलेत. "आमचंच तर घर आहे!" परसातले नारळ पाडायला पाडेली पाठवायचा तर आदल्या दिवशी सांगावं, एवढं साधं.

पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. चिऱ्याची भिंत पाणी पिते, कौलं सरकतात, स्लॅब असेल तर वर पत्र्याची शेड घातल्याशिवाय धडगत नाही. हे सगळं मालकाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तरी मे महिन्यात येतो, आंबे खातो, आणि छपरावर न चढता जातो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाडेकरूचा फोन आला की, "आता पावसात कोण चढणार? पाऊस संपला की बघू." पाऊस संपला की गळणंही संपतं, मग बघायचं काय! कायदा म्हणतो घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस वाट बघून भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करून घेऊ शकतो. पण वेळ तिथपर्यंत कशाला न्यायची? शाकारणी, पन्हळी साफ, गच्चीवरचा पालापाचोळा, विहिरीच्या मोटरची तपासणी, हे २० मेच्या आत. मालकाने स्वतः उभं राहून. फोनवर घर सांभाळता येत नाही, निदान आमच्या पावसात तरी नाही.

यालाच जोडून डिपॉझिट. दोन वर्षांनी भाडेकरू निघाला की मालक भिंतीवरून हात फिरवतो. रंग उडालाय, बिजागऱ्या गंजल्यात, कपाटाचं प्लायवूड फुगलंय. कापा पाच हजार! अहो, मांडवीच्या बाजूला खारा वारा काय करतो ते तुम्हाला ठाऊक नाही? समुद्राने केलेलं नुकसान नर्सबाईंकडून वसूल करायचं? तिने खिडकीची काच फोडली असेल तर जरूर घ्या. पण दमटपणाचं बिल तिच्या नावावर नको. देताना घराचे फोटो काढून दोघांनी ठेवले, पंखे-नळ-गीझर मोजून लिहिले, विजेच्या मीटरचं रीडिंग टिपलं, तर निम्मी भांडणं होतच नाहीत. वीजबिलाकडे मात्र दर महिन्याला लक्ष हवं. मीटर मालकाच्या नावावर असतो आणि थकबाकीही.

आणि कितीही भांडण झालं तरी पाणी तोडू नका, वीज तोडू नका. कलम २९ त्यासाठीच आहे, मालकाने अत्यावश्यक सेवा बंद करणं हा गुन्हा. मोटरचा फ्यूज काढून घेऊन जाणारे महाभाग आपल्याकडे आहेत म्हणून सांगितलं. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी कमी येतं, टँकर मागवावा लागतो. त्याचे पैसे कुणी द्यायचे हे जानेवारीतच ठरवून ठेवावं. मेच्या उन्हात कुणाचं डोकं थंड नसतं.

आता जरा अडचणीचा विषय. घर द्यायचं कुणाला?

आमच्याकडे जाहिरात तोंडी असते आणि अटीही तोंडी. ‘फॅमिलीलाच’, ‘शाकाहारी’, ‘आपल्यातले’. ‘आपल्यातले’ या शब्दात काय काय मावतं ते तुम्हाला माहीत आहे. मासे हे ज्या गावाचं अन्न आणि पोट दोन्ही आहे तिथे ‘मासे शिजवणार नाही ना?’ असं विचारतात! एकट्या बाईला नको, मुलांना नको, मुसलमानाला नको, नेपाळ्याला नको. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी चालतो, मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी म्हणून चालतो, पण भाडेकरू म्हणून नको. किंवा मग चालतो तो असा: एका खोलीत दहा जण, माणशी भाडं, संडास एक, पावती नाही. हे मालकांचं हुशारीचं गणित. जून-जुलैत मासेमारी बंद, खलाशी गावी जातात, तेव्हाही ‘खोली धरून ठेवायची असेल तर’ म्हणून अर्धं भाडं घेतात. याला मी व्यवहार म्हणत नाही.

यात माणुसकीचा भाग आहेच, पण नुसत्या फायद्याच्या भाषेत बोलायचं तरी हे चुकीचं आहे. चांगला भाडेकरू ओळखायचे मार्ग आहेत: नोकरी कुठे, आधीच्या मालकाशी फोनवर बोलणं, भाडं परवडेल असा पगार. जातीधर्मावरून यातलं काहीच कळत नाही. वर सांगितलेला मित्राचा भाचा चारही बाजूंनी ‘आपल्यातला’ होता. आणि रत्नागिरीला बाहेरच्यांची सवय नाही असंही म्हणू नका. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथे आला तो स्वतःच्या राजवाड्यात १९१० साली गेला, तोवर सरकारने पाहून दिलेल्या बंगल्यांत राहिला. आणि १८५६ साली लोकमान्यांचा जन्म झाला ते घर टिळकांचं नव्हतं, गोऱ्यांचं होतं. वडील शाळेत मास्तर, बिऱ्हाड भाड्याचं. गोऱ्यांनी ‘कूळ लागेल’ म्हटलं असतं तर आज तिथे पर्यटक दुसरीच पाटी वाचत उभे राहिले असते.

सोसायट्यांबद्दल एकच. भाडेकरू ठेवला म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर लावता येत नाहीत. हा नियम २००१चा आहे. तरी कमिटीवाले मनाला येईल तो आकडा सांगतात आणि मालक मुकाट भरतो. विचारा, बोला. आणि कर: भाडं उत्पन्नात दाखवायचं, नगरपालिकेचा भरलेला कर वजा करून उरलेल्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते. न्यू जर्सीवाल्यांनो, तुम्ही अनिवासी असाल तर तुमच्या भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, भाडं कितीही कमी असो. त्याला हे सांगणं तुमचं काम, त्या बिचाऱ्याला स्वप्न पडणार नाही.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण नातेवाइकांना कळलं असेलच. आत्या जाऊन वर्ष झालं. घर तेव्हापासून बंद आहे. मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. पडवीच्या वाशाला वाळवी लागली आहे, मागच्या दाराची चौकट हाताने दाबली तर दबते. न्हाणीघरात बेडूक. घर माणसांनी वापरलं नाही की आमच्या हवेत पाच-सहा पावसाळ्यांत बसतं, हे कुणाला वेगळं सांगायला नको. आणि आपल्यात चौघांची तीन मतं. विका, ठेवा, आणि "बघू".

माझं मत: द्या भाड्याने. मेडिकल कॉलेजात नोकरीला असलेलं एक जोडपं बघून गेलं आहे. दोघंही सोलापूरकडचे, लहान मुलगी आहे. परसातली विहीर बघून बाई खूश झाल्या. पण त्याआधी दोन कामं. पहिलं, मिळकत पत्रिकेवर अजून आत्याचंच नाव आहे, तिथे चौघांची वारस नोंद. दुसरं, करारावर चौघांच्या सह्या, किंवा तिघांनी एकाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं. परदेशातून यायचं असेल तर तिथल्या वकिलातीतून साक्षांकित करून पाठवा, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं हे लक्षात ठेवा. "तू बघून घे रे सगळं, आम्हाला कागद कशाला" हे चालणार नाही. प्रेमाने म्हणताय हे कळतं, पण नाही.

गणपतीचं मी त्यांच्याशी बोललो आहे. पडवी आणि माजघर पाच दिवस आपल्याकडे, त्या महिन्याचं भाडं निम्मं, आणि तसं करारात लिहायचं. त्यांची हरकत नाही. मुलीने फक्त एवढंच विचारलं की उंदीरमामा पण येणार का.

कुलूपबंद खोली ठेवायची नाही हेही मी त्यांना सांगून टाकलंय. म्हणजे आत्याचं शिसवी कपाट, पितळेची भांडी आणि पाटे-वरवंटे (तीन आहेत! तीन कशाला लागत होते तिला?) १५ तारखेच्या आत हलवायला हवेत. भांडी वहिनी नेणार आहे. कपाट कुणाच्या दारातून आत जाईल ते मोजून कळवा, रुंदी साडेतीन फूट आहे आणि त्याचे पाय निघत नाहीत.